पाकीट उघडलं का गं?

“ज्योत्स्ना, आता तूच काय ते बोल,” विश्वासभाऊजी म्हणाले, आणि घाटावरच्या तीस-चाळीस माणसांनी एकदम माझ्याकडं माना वळवल्या.

माझ्या सासूबाईंचा, जिजींचा, दहावा होता. सकाळी दहाला पिंड मांडले होते. आता बारा वाजून गेले तरी कावळा काही शिवायला तयार नव्हता. कावळे नव्हते असं मुळीच नाही. घाटावरच्या पिंपळावर पंधरा-वीस तरी बसले होते. शेजारी कुणा तात्यांचा दहावा चालला होता. त्यांच्या पिंडावर दोन मिनिटांत तीन कावळे तुटून पडले आणि मंडळी हात धुऊन चहाला गेलीसुद्धा. आमच्या पिंडाकडं मात्र एकजण ढुंकून बघेना. शेजारी पत्रावळीवर जिजींच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. जिलबी, बटाटेवडा, खर्डा-भाकरी, कपबशीत चहा. चहावर साय धरली आणि वड्याला मुंग्या लागल्या.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहून गेलीय, असं आमच्याकडं धरतात. मग एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे, काय राहिलं असेल ते अंदाजानं ओळखायचं आणि ते पुरं करायचा शब्द द्यायचा. पिंडासमोर दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही.

आधी माझे यजमान, उदय, पुढं झाले. “जिजी, नानांची काळजी करू नकोस. मी आहे.” एका कावळ्यानं पंख खाजवला.

मग कुंदावन्सं, माझ्या नणंदबाई. “जिजी, तुझ्या पाटल्या मी मोडणार नाही हो. तशाच वापरीन.” पाटल्या त्यांना मिळणार असं तोवर कुणीच म्हटलेलं नव्हतं. कावळा हलला नाही, पण पाटल्यांची वाटणी तेवढी होऊन गेली.

गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, “दर्भाचा कावळा करून लावू का? शास्त्रात सोय आहे. मला एक वाजता दुसरीकडं पोचायचंय.”

“गुरुजी,” भाऊजींनी छाती पुढं काढली, “माझी आई गवताच्या कावळ्यावर जाणार नाही.”

विश्वासभाऊजी माझे थोरले दीर. सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, पुण्यात मुक्काम. दहा दिवस आमच्या घरी येऊन त्यांनी सुतकाचा सगळा कारभार हातात घेतला होता. कुणी कुठं बसायचं, कुणी किती रडायचं, सगळं ते ठरवत. पहिल्याच दिवशी त्यांनी टीव्हीवर शाल टाकली आणि वायर काढून ठेवली.

“जिजीचा जीव कशात अडकलाय, मला माहितीय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. “नानांचं वय ब्याऐंशी. कान गेलेले, गुडघे गेलेले. उदय बँकेत, ज्योत्स्ना वाचनालयात. दिवसभर त्यांना पाणी कोण देणार? जिजी तेवढ्यापायी घुटमळतीय. ज्योत्स्ना, नोकरी सोडते म्हण. बघ कावळा कसा येतो.”

नाना म्हणजे आमचे सासरे. पुण्यात भाऊजींचा चार खोल्यांचा फ्लॅट होता, घरात नवरा-बायको दोघंच. पण नानांना पुण्याची हवा मानवत नाही असं भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नानांना कुणी विचारलं नव्हतं. घाटाच्या पायऱ्या झेपत नाहीत म्हणून ते त्या वेळी घरी बसले होते.

चौदा वर्षं मी गावच्या वाचनालयात सहायक होते. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली चिकटवायची, दिवाळी अंक पळवणाऱ्यांच्या मागं लागायचं. आमचे ग्रंथपाल त्या महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते आणि एक तारखेला त्यांच्या खुर्चीत मी बसणार होते. कार्यकारिणीचा ठराव झाला होता. भाऊजींना ते चांगलं ठाऊक होतं.

मी उदयकडं बघितलं. उदय नदीकडं बघत होता. अशा वेळी तो नेहमी काहीतरी लांबचं बघतो.

एरवी मी मालिकांना नावं ठेवायची, पण त्या दिवशी घाटावर हुबेहूब तेच चाललं होतं. आधी भाऊजींचा चेहरा, मग वन्संचा, मग गुरुजींचा, मग परत भाऊजींचा. मागं ढॅण्‌ ढॅण्‌ वाजायचं तेवढं बाकी होतं.

आणि मला राग कशाचा आला सांगू? नोकरीचा तर आलाच. पण जिजींच्या नावावर हे खपवलं जात होतं याचा जास्त आला. लग्नानंतर वर्षभरानं ही नोकरी चालून आली तेव्हा नाना नको म्हणाले होते, उदय गप्प बसला होता, आणि या बाईनं पदर खोचून सांगितलं होतं, “तू जा गं. पोळ्या काय, मी लाटते. पुस्तकं मी नाही वाटू शकत.” चौदा वर्षं त्यांनी मला आयतं पान वाढलं. ती बाई मरून कावळा अडवून मला घरी बसवणार होती म्हणे!

जिजींचा जीव अडकला होता हे मात्र खरं होतं. तो कशात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायला सगळ्यांना लाज वाटत होती. जिजींचा जीव ‘ओटी सुखाची’मध्ये अडकला होता.

‘ओटी सुखाची’ ही मालिका तेव्हा चौथ्या वर्षात होती. रोज साडेसातला नवा भाग आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तोच परत. जिजी दोन्ही बघायच्या. “संध्याकाळी काय झालं ते कळतं गं. साड्या बघायला दुपारीच बरं पडतं,” असं म्हणायच्या. नानांना ऐकू यावं म्हणून आवाज एवढा मोठा, की शीर्षकगीत लागलं की अख्ख्या पेठेला साडेबारा वाजल्याचं कळायचं. नाना पेपर पुढं धरून बसायचे. दीड तासापूर्वी वाचून संपलेला पेपर.

त्यातली नायिका ईश्वरी. तिची सासू राजलक्ष्मी झोपतानाही पैठणी नेसायची आणि सुनेच्या दुधात काहीबाही कालवायची. ईश्वरीची स्मृती दोनदा गेली होती, ती एकदा कड्यावरून पडली होती, आणि परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन. खरं म्हणजे पहिली नटी सोडून गेली होती. जिजींनी नवा चेहरा दोन दिवसांत आपला म्हटला. मला आपली म्हणायला त्यांनी सहा महिने घेतले होते.

मी बारा वाजता वाचनालयातून आले की मला पान वाढून जिजी कालची सगळी हकिकत सांगायच्या. मी एका हातात पुस्तक धरून जेवायची आणि मधूनमधून “हो का?” म्हणायची. साडेबाराला गाणं लागलं की त्या आपलं पान वाढून घ्यायच्या, पहिला दहीभाताचा घास स्वयंपाकघराच्या खिडकीत कावळ्याला ठेवायच्या आणि मग टीव्हीपुढं जाऊन बसायच्या. कावळ्याची ती घाण धुवायची मी. रोज. शिव्या देत.

शेवटच्या महिन्यात ईश्वरीच्या हातात दवाखान्यातलं एक पाकीट आलं होतं. तिचा नवरा आदिराज हा राजलक्ष्मीचा सख्खा मुलगा की नाही, ते त्यात लिहिलेलं होतं. तीन आठवडे ती ते पाकीट धरून उभी! एकदा ते वाऱ्यानं उडालं, एकदा मोलकरणीनं पाण्यात पाडलं, एकदा ती उघडणार तेवढ्यात लाईट गेली. आणि तेव्हाच जिजींना छातीत दुखायला लागून दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं टीव्ही नव्हता. रात्री नळ्या लावलेल्या, तोंडाला कोरड, तरी मला जवळ बोलावून विचारतात काय?

“पाकीट उघडलं का गं?”

मी दिवसभराची दमलेली. “नाही हो जिजी. ती मेली कसली उघडतीय,” म्हणाले. मी भाग बघितलासुद्धा नव्हता. पहाटे जिजी गेल्या. मालिकेच्या चार वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्या बाईनं मला काही विचारलं होतं आणि मी ठोकून दिलं होतं.

“ज्योत्स्ना, लोक खोळंबलेत,” भाऊजी म्हणाले. “दोन शब्द बोलायचेत फक्त.”

“बोलते की,” मी म्हणाले.

मी पुढं झाले. पर्समधून जिजींचा फोन काढला. बटणांचा, जुना, पण आवाज असा की तमाशाचा फड गोळा व्हावा. दहा दिवस लोक त्याच नंबरवर फोन करून “जिजी गेल्या ते खरं का?” असं विचारत होते, म्हणून तो माझ्याजवळ होता. तो मी पिंडाशेजारी, चहाच्या कपाला टेकवून ठेवला.

“अहो,” मी उदयला म्हणाले, “जिजींच्या नंबरला फोन लावा.”

“काय?”

“लावा म्हणते ना.”

माझा आवाज ऐकून त्यानं नदी सोडली. फोन काढला. त्याच्या फोनवर ‘जिजी’ असं नाव आणि त्यांचा हसरा फोटो आला, तसे बिचाऱ्याचे डोळे भरून आले. तरी त्यानं बटण दाबलं.

पिंडाशेजारी फोन थरथरला आणि घाटभर दणक्यात सुरू झालं, “ओटी सुखाची गं बाई, ओटी सुखाचीऽ...”

“ज्योत्स्ना!” भाऊजी ओरडले. “हा काय चावटपणा आहे? घाट आहे हा!”

मी हात जोडले आणि त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाले, “जिजी, पाकिटाचं काय होतं ते मी बघून सांगेन. पाकिटाचंच नाही, सगळंच. रोज एक भाग बघेन आणि तुमच्या फोटोपुढं उभी राहून सांगेन. मालिका संपेपर्यंत. शब्द देते.”

फोन वाजून थांबला. “परत लावा,” मी म्हणाले. उदयनं परत लावला.

दुसऱ्यांदा ‘ओटी’ म्हणतंय तोवर पिंपळावरून एक कावळा सुटला तो सरळ खाली आला. फोनला घाबरला नाही, माणसांना घाबरला नाही. पिंडाला चोच लावली, मोठा घास उचलला आणि उडून गेला.

“शिवला! शिवला!” सगळा घाट ओरडला. वन्संनी हंबरडा फोडला. गुरुजी म्हणाले, “तीस वर्षांत असं बघितलं नाही,” आणि पळीपंचपात्र आवरायला लागले. मी फोन उचलला. त्यावर बारा बत्तीस झाले होते.

भाऊजींचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. स्वतःच लावलेल्या फासात माणूस अडकतो तसा. जिजींची इच्छा काय होती, ते आता चाळीस माणसांसमोर कावळ्यानंच सांगून टाकलं होतं. त्यात नोकरीचं नाव नव्हतं. कावळ्यापुढं अपील करायची सोय सरकारी खात्यातसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई फार श्रद्धाळू दिसतात. कसली श्रद्धा! आमचं घर घाटाच्या वरच्याच गल्लीत. जिजींच्या खिडकीत रोज यायचा तो कावळा याच पिंपळावरचा. एका पायानं लंगडा. गाणं लागलं की दहीभात मिळतो हे त्याला चार वर्षांत पाठ झालं होतं. जिजी खिडकीत घास ठेवायच्या आधीच तो गजावर येऊन बसलेला असायचा. त्याची घाण धुणारी मी, त्याचं वेळापत्रक मला ठाऊक नसेल तर कुणाला? घड्याळात साडेबारा होतायत हे बघितलं आणि सुचलं. भाऊजींना, भावकीला, गुरुजींना, सगळ्यांना मी एका लंगड्या कावळ्याच्या जिवावर गुंडाळलं होतं. एक तारखेला जाऊन ग्रंथपालाच्या खुर्चीत बसले.

पण शब्द तो शब्द. पुस्तकांत राहणारी बाई मी, दुसऱ्या दिवसापासून टीव्हीपुढं बसले. वाटलं होतं, चार वर्षं झालीच आहेत, अजून सहा महिन्यांत गुंडाळतील.

मालिका अजून नऊ वर्षं चालली.

पाकीट उघडायलाच चौदा महिने लागले. आत चिठ्ठी निघाली की खरं पाकीट तिजोरीत आहे. ईश्वरीची स्मृती आणखी तीनदा गेली. आदिराज वारला, त्याचं तेरावं झालं, आणि पुढच्या गणपतीला तो आरतीला उभा. मी रोज साडेबाराला भाग बघायची आणि मग फोटोपुढं उभी राहून सांगायची. पहिल्या वर्षी एका दमात उरकून टाकायची. नंतर नंतर खुर्ची घेऊन बसायला लागले. वाचनालयात बायका जाडजूड कादंबऱ्यांच्या कपाटाआड मला गाठायच्या. “मॅडम, काल आमच्याकडं पाहुणे होते हो. राजलक्ष्मीचं काय झालं?” मी इकडंतिकडं बघून कुजबुजत सांगायची. अध्यक्षांना वाटायचं, बाईंनी वाचकांशी फार चांगला संवाद ठेवलाय.

आणि भाऊजी? सुरुवातीला मी शब्द पाळते का ते तपासायला त्यांचा रोज पुण्याहून फोन. “आज काय सांगितलंस जिजीला?” मी सांगायची. पण मी खरं सांगते की थापा मारते हे कळणार कसं? म्हणून ते स्वतः बघायला लागले. दोन महिन्यांनी फोनचा सूर बदलला. “ज्योत्स्ना, ईश्वरीनं आज जरा जास्तच सोसलं, नाही? मी असतो तर त्या राजलक्ष्मीला निलंबितच केलं असतं.” नातवाच्या बारशाची वेळ ठरवताना त्यांनी साडेसात ते आठ वगळायला सांगितलं म्हणे. अशुभ असतं म्हणून.

नाना पाच वर्षांनी गेले. शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पीत होते. त्यांच्या पिंडाला अर्ध्या मिनिटात कावळा शिवला. त्यांचं काहीच राहिलं नव्हतं. पेपराआडून त्यांनी तोवरचे सगळे भाग बघितले होते.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या दहाव्याच्या दिवशी आम्ही घाटावरून दोनला घरी आलो. मी आपल्याच हुशारीवर खूश. बघते तर टीव्हीवरची शाल खाली पडलेली, वायर लावलेली, आणि नाना पेपर घेऊन खुर्चीत बसलेले.

“नाना, टीव्ही लावला होता?”

“आं?”

“टीव्ही! लावला होता?”

“जरासा लावला, आवाज बारीक करून,” ते ओशाळून म्हणाले. “विश्वासला बोलू नकोस. साडेबाराला त्या लंगड्याची वेळ असते ना. ही नाही, तर तो उपाशी राहायचा. गाणं लागल्याबरोबर आला बघ खिडकीत. दहीभात घातला. पाच-दहा मिनिटं बसून खात होता.”

मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या कठड्यावर चार शितं आणि ताजी घाण होती. नेहमी जिथं असते तिथंच.

साडेबाराला लंगडा आमच्या खिडकीत होता. मग बारा बत्तीसला घाटावर कोण आलं होतं? दुसरा असेल. त्याचं बघून शिकला असेल. असेल! पाय बघायचं भान तेव्हा कुणाला होतं? पण त्या दिवशी मी कठडा धुतला आणि तोंडातून एक शिवी निघाली नाही.

गेल्या महिन्यात ‘ओटी सुखाची’ संपली. रविवारी संध्याकाळी दोन तासांचा महाअंतिम भाग होता. तेरा वर्षं विष कालवणारी राजलक्ष्मी चार मिनिटांत सुधारली. सगळे एका ओळीत उभे राहून हसले, ईश्वरीची ओटी भरली, आणि गाणं शेवटचं वाजलं. ते थांबायच्या आत भाऊजींचा फोन. एवढा मोठा अधिकारी, ढसाढसा रडत होता.

“संपलं गं ज्योत्स्ना. शेवट गोड झाला. जा, सांग जिजीला. सुटली बिचारी.”

मी फोन ठेवला आणि फोटोपुढं जाऊन उभी राहिले. सांगायला तोंड उघडलं. सगळं तयार होतं, कोण कुणाच्या पाया पडलं, ईश्वरीची साडी कुठल्या रंगाची होती. पण भाऊजींचा तो ‘सुटली’ शब्द आठवला आणि थांबले. शेवट सांगितला की शब्द पुरा झाला. मग उद्या साडेबाराला मी कुणाशी बोलू? मला पान वाढणारी बाई मला परत एकदा घालवायची नव्हती.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर जाहिराती मोठ्यानं चालल्या होत्या. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “जिजी, आज नेमकी ऐन वेळेला लाईट गेली हो. उद्या बघून सांगते.”